मांसल वनस्पतींवरील पिठ्या ढेकूण

निवडुंग, कोरफड, पानफुटी, घायपात यांसारख्या मांसल खोडाच्या वा पानांच्या वनस्पतींचा रस शोषून जगणाऱ्या आणि अंगावर पिठासारखे पांढरे मेण बाळगणाऱ्या मऊ शरीराच्या कीटकांना पिठ्या ढेकूण म्हणतात. हेमिप्टेरा गणाच्या कॉक्सॉयडिया अधिकुलातील स्यूडोकॉक्सिडी कुलात त्यांचा समावेश होतो. या कुलातील सु. २,००० जाती ज्ञात असून त्यांपैकी थोड्याच मांसल वनस्पतींना उपद्रव देतात. अंथरुणातील ढेकूण हाही हेमिप्टेरा गणातीलच. परंतु त्याचे कुल निराळे व आहार रक्ताचा. पिठ्या ढेकूण माणसाला किंवा जनावराला चावत नाही, तेव्हा नावातील साम्य सुईसारख्या सोंडेपुरतेच समजावे.

मांसल वनस्पती पाण्यावाचून महिनोन्‌महिने तग धरतात, उन्हाला दाद देत नाहीत आणि गुरेही त्यांच्या वाटेस फारशी जात नाहीत. असे असूनही घराच्या ओसरीवर दहा वर्षे वाढलेला निवडुंग या तांदळाएवढ्या कीटकामुळे एका उन्हाळ्यात मरू शकतो. याचे कारण या वनस्पतींच्या रचनेतच आहे. त्यांच्या फुगीर ऊतकांत (पेशीसमूहांत) अन्नरसाचा साठा वर्षभर असतो. पाने गुलाबाच्या पाकळ्यांप्रमाणे एकमेकींना चिकटून असतात किंवा खोडावर खोल पन्हळी व काट्यांचे झुबके असतात. आणि बहुतेकांची पानगळ होत नाही. कीटकाला अन्न, आडोसा आणि स्थैर्य या तिन्ही गोष्टी एके ठिकाणी मिळतात. आंब्याचे किंवा पेरूचे पान गळताना आपल्याबरोबर काही कीटक घेऊन जाते; निवडुंगाच्या खोडाला ती सोय नाही.

महाराष्ट्रात मांसल वनस्पतींचा परिचय प्रथम कुंपणापासून होतो. नई निवडुंग, त्रिधारी निवडुंग व शेर या यूफोर्बिया प्रजातीतील दुधाळ चिकाच्या वनस्पती शेताच्या व वाडीच्या वईत लावण्याची जुनी प्रथा आहे. फड्या निवडुंग व घायपात मूळचे अमेरिकेतील; परंतु ते येथे इतके रुळले की, त्यांना परके म्हणणे अनेकांना विचित्र वाटेल. कोरफड औषधासाठी अंगणात असतेच. रात्री उमलणाऱ्या मोठ्या पांढऱ्या फुलासाठी घरोघर जपले जाणारे ‘ब्रह्मकमळ’ हाही वास्तविक एक निवडुंगच होय. त्याचे शास्त्रीय नाव एपिफायलम ऑक्सिपेटॅलम असून मूळ स्थान अमेरिकेत आहे. हिमालयातील खरे ब्रह्मकमळ (सॉस्यूरिया ऑब्व्हॅलॅटा) सूर्यफुलाच्या कुलातील आहे. अलीकडे एचेव्हेरिया, हॉवर्थिया, अडेनियम, कलंचो, मॅमिलॅरिया इत्यादींच्या लहान कुंड्या शहरांतील खिडक्यांत दिसू लागल्या आहेत, तसेच ड्रॅगन फळाची (हायलोसेरियस) व्यापारी लागवडही राज्यात वाढली आहे. या सर्वांत एक गोष्ट समान आहे : त्यांची वाढ बहुधा बियांपासून न करता पान, फांदी वा फुटव्यापासून करतात. ब्रह्मकमळाचे एक पान शेजारणीकडून शेजारणीकडे जाते, तिथून माहेरी, तिथून मुंबईस. त्या पानाच्या कडेच्या खाचेत पिठ्या ढेकणाची एक मादी असली, तर तीही तोच प्रवास करते. या कीटकाच्या प्रसारात वाऱ्यापेक्षा व मुंग्यांपेक्षा माणसाचा हात अधिक कामी आला आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

कोकणातील हवामानाचा या उपद्रवाशी असलेला संबंध लक्षात घेण्यासारखा आहे. रायगड जिल्ह्यात (१९८१ पूर्वीचा कुलाबा जिल्हा) पेण व रोहा तालुक्यांच्या पट्ट्यात, उदा., दिवा–रोहा लोहमार्गावर नागोठणे व रोहा यांच्यामधील निडीच्या परिसरात, वर्षाला सु. ३,००० मिमी. किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. पावसाचा मारा हा पिठ्या ढेकणाचा मोठा शत्रू आहे. नुकतीच जन्मलेली पिल्ले त्याने धुऊन जातात आणि सततच्या ओलाव्यात कीटकांवर बुरशी वाढते. त्यामुळे उघड्यावरील वईतील निवडुंगावर श्रावणात हा कीटक क्वचितच डोळ्यांत भरतो. परंतु कुंडीतील मांसल वनस्पती त्याच पावसाने कुजतात, म्हणून त्या पडवीत किंवा पागोळीच्या आत आणून ठेवाव्या लागतात. तेथे पाऊस लागत नाही, वारा कमी, हवा दमट व उबदार, आणि पावसामुळे बिळांतून बाहेर पडलेल्या मुंग्याही आश्रयाला तेथेच येतात. वनस्पतीला वाचविण्यासाठी केलेली ही सोय कीटकालाही तितकीच मानवते. पुढे थंडी संपून फाल्गुन-चैत्रात हवा तापू लागली की, पडवीतच टिकून राहिलेल्या या बीजातून उपद्रव उफाळतो आणि पाहणाऱ्यास तो अचानक आल्यासारखा वाटतो.

शरीररचना व जीवनक्रम : प्रौढ मादी पंखहीन, लांबट गोल, चपटी व सु. ३ ते ४ मिमी. लांब असते. मूळ शरीर पिवळसर, करडे वा गुलाबी असते. त्यावरील त्वचाग्रंथींतून स्रवणाऱ्या मेणामुळे ती पिठात लोळल्यासारखी दिसते. शरीराच्या कडेने मेणाचे बारीक तंतू असतात व काही जातींत शेपटीकडील तंतू शरीराएवढे लांब असतात. हे मेण पाण्याला दाद देत नाही. पाण्यात कालवलेले औषध नुसते फवारले तर ते थेंबाथेंबाने घरंगळून जाते व आतील कीटक कोरडाच राहतो. ‘औषध मारले तरी काही झाले नाही’ या नेहमीच्या तक्रारीचे निम्मे उत्तर या मेणात आहे.

उरलेले निम्मे उत्तर अंड्यांच्या पिशवीत आहे. संत्रावर्गीय झाडांवर व अनेक शोभेच्या वनस्पतींवर आढळणाऱ्या प्लॅनोकॉकस सिट्राय या जातीची मादी कापसासारख्या मेणतंतूंच्या पिशवीत सु. ३०० ते ६०० अंडी घालते आणि त्यानंतर मरते. उबदार हवेत साधारणतः आठवडा-दहा दिवसांत अंडी फुटून पिल्ले बाहेर येतात. लांब शेपटीचा पिठ्या ढेकूण (स्यूडोकॉकस लाँगिस्पायनस) मात्र जिवंत पिल्लांना जन्म देतो. पहिल्या अवस्थेतील पिल्ले अर्ध्या मिलिमीटरहून थोडीच मोठी, पिवळसर, सहा पायांची व चपळ असतात. त्यांच्या अंगावर अद्याप मेणाचा जाड थर नसतो. जागा शोधत ती खोडावरून चालतात, लगतच्या कुंडीच्या पानावर जातात, वाऱ्याने उडतात किंवा कपड्याला चिकटतात. संपूर्ण आयुष्यात कीटक सर्वांत दुबळा असतो तो या एक-दोन दिवसांत. उपाय कोणताही योजला, तरी तो या रांगत्या पिल्लांपर्यंत पोहोचला तरच उपद्रव मोडतो.

पुढे मादी तीन वेळा कात टाकून प्रौढ होते. नर मात्र मेणाच्या छोट्या कोशात शिरून एका जोडीचे नाजूक पंख व शेपटीला दोन लांब तंतू असलेला चिलटासारखा कीटक बनतो. त्याला मुखांगे नसतात. काही खाता येत नसल्याने तो दोन-चार दिवसांतच मरतो. २५° ते ३०° से. तापमानात एक पिढी साधारण महिन्याभरात पुरी होते. कोकणात खरा हिवाळा नसल्यामुळे पिढ्या वर्षभर चालू राहतात व एकाच वेळी सर्व अवस्था एकत्र सापडतात.

हानी : सोंडेतील केसासारखे बारीक मुखांग वनस्पतीच्या परिकाष्ठात (अन्नरस वाहून नेणाऱ्या ऊतकात) खुपसून कीटक रस ओढतो. या रसात साखर विपुल, परंतु प्रथिने घडविण्यास लागणारी ॲमिनो अम्ले फार थोडी असतात. ती उणीव कीटकाच्या शरीरात राहणारे सूक्ष्मजंतू भरून काढतात. प्लॅनोकॉकस सिट्रायच्या पेशींत एका सूक्ष्मजंतूच्या आत दुसरा सूक्ष्मजंतू वास करतो, हे २००१ मध्ये दाखवून देण्यात आले; जीवसृष्टीत अशी उदाहरणे विरळा. तरीही पुरेशी ॲमिनो अम्ले मिळविण्यासाठी कीटकाला गरजेपेक्षा कितीतरी जास्त रस प्यावा लागतो आणि जादा साखर तो गोड चिकट थेंबांच्या रूपाने टाकून देतो. शेतकरी यालाच चिकटा म्हणतात. चिकट्यावर काळी बुरशी वाढून पानांवर काजळी धरते व त्यांना प्रकाश कमी मिळतो.

चिकट्यासाठी मुंग्या येतात. त्या कीटकांचे रक्षण करतात, त्यांच्यावर टपलेल्या शत्रूंना हुसकावतात, चिकटा उचलून नेऊन वसाहत स्वच्छ ठेवतात आणि प्रसंगी पिल्ले तोंडात धरून नव्या फांदीवर नेतात. कोकणात आंब्याची पाने शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या हेच करताना दिसतात. कुंडीच्या कडेवरून मुंग्यांची रांग चढताना दिसली, तर कीटक दृष्टीस पडण्याआधीच तो तेथे आहे असे धरून चालावे.

रस गेल्याने नवी पाने लहान व वाकडी येतात, रोझेटसारखी रचना सैल होते, निवडुंगाच्या शेंड्याची वाढ थांबते आणि कळ्या गळतात. सोंडेच्या छिद्रांतून बुरशी शिरून खोड कुजते. कित्येकदा मालकाला हे कुजणेच तेवढे दिसते व तो जास्त पाण्याला दोष देतो.

याहून फसवा प्रकार मुळांवरील पिठ्या ढेकणांचा (रायझोइकस व तत्सम प्रजाती). ते जमिनीत राहतात, त्यांना लांब मेणतंतू नसतात आणि वरून काहीच दिसत नाही. पाणी वेळेवर देऊनही वनस्पती सुकलेली, निस्तेज व वाढ थांबलेली असेल, तर ती कुंडीतून उपसून पाहावी. मुळांवर व कुंडीच्या आतील बाजूस पांढुरके, पिठूळ डाग आढळतात. मातीत मिसळलेले परलाइटाचे पांढरे कण त्यांच्यासारखे दिसतात. परंतु कण बोटांत चुरडतो, तर कीटक ओला फुटतो.

पांढरे दिसेल ते सर्व पिठ्या ढेकूण नव्हे. मॅमिलॅरियासारख्या निवडुंगांना काट्यांच्या बुडाशी स्वतःची लोकर असते, ती समान अंतरावर व नियमित असते. कीटकांचे पुंजके अनियमित, पन्हळीत, पानाच्या बगलेत वा मातीलगत असतात. फड्या निवडुंगावरील पांढरे पुंजके दाबल्यास गडद किरमिजी रस निघाला, तर तो पिठ्या ढेकूण नसून त्याचा नातेवाईक, किरमिजी कीटक (डॅक्टिलोपियस), होय.

या नातेवाईकाचा इतिहास भारताशी निगडित आहे आणि तो येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. किरमिजी रंगाचा व्यापार तेव्हा स्पेनच्या हाती होता. तो रंग भारतात निर्माण करावा या उद्देशाने १७९५ मध्ये कॅप्टन नीलसन याने ब्राझीलमधील रिओ दे जानेरो येथून हे कीटक कलकत्त्यास आणले. परंतु आले ते उत्तम रंग देणाऱ्या डॅ. कॉकस जातीचे नव्हते. ते हलक्या प्रतीचा रंग देणारे डॅ. सेलोनिकस होते. रंगाचा उद्योग फसला, पण कीटकांनी ओपन्शिया मोनाकँथा या निवडुंगाची रानेच्या राने खाऊन टाकली. ही गोष्ट लक्षात आल्यावर १८३६–३८ च्या सुमारास ते मुद्दाम दक्षिण भारतात व पुढे १८६३–६५ मध्ये श्रीलंकेत नेण्यात आले. तणाचा नाश करण्यासाठी कीटक वापरल्याचे जगातील हे सर्वांत जुन्या उदाहरणांपैकी एक मानले जाते. तथापि दक्षिणेत गावाभोवती व पडीक रानांत माजलेल्या दुसऱ्या जातींच्या फड्या निवडुंगाला (ओ. स्ट्रिक्टा, ओ. एलॅटिऑर) या कीटकाने तोंड लावले नाही. त्यांच्यासाठी १९२६ मध्ये श्रीलंकेतून डॅ. ओपन्शिआय ही उत्तर अमेरिकी जात आणली गेली आणि काही वर्षांतच ती दाट जाळी मोठ्या प्रमाणावर नष्ट झाली. असाच प्रयोग ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडमध्ये १९७५ च्या सुमारास हॅरिसिया निवडुंगाविरुद्ध करण्यात आला. त्यासाठी अर्जेंटिनातून आणलेला हायपोजिओकॉकस हा मात्र खराखुरा पिठ्या ढेकूण होता.

एका ठिकाणचे तण दुसऱ्या ठिकाणचे पीक असते. त्याच हायपोजिओकॉकस प्रजातीचे कीटक पोर्तो रीको बेटात शिरले आणि तेथील मूळच्या उंच निवडुंगांचा प्रश्न निर्माण झाला. डॅ. ओपन्शिआय २०१४ मध्ये मोरोक्कोत पोहोचला आणि फळांसाठी व वईसाठी लावलेल्या निवडुंगाचा त्याने विध्वंस केला. भारतातही कोरड्या प्रदेशांत चाऱ्यासाठी बिनकाट्याच्या फड्या निवडुंगाची लागवड सुचविली जात आहे. ज्या कीटकाला शंभर वर्षांपूर्वी आपण बोलावून आणले, तो येथेच आहे, हे त्या लागवडीत विसरता कामा नये.

उपाय : उपद्रव दिसताच प्रथम ती कुंडी इतरांपासून दूर करावी. थोडे कीटक असल्यास कापसाचा बोळा किंवा कान साफ करण्याची काडी जखमांसाठी वापरतात त्या स्पिरिटमध्ये (सु. ७० टक्के अल्कोहॉल) भिजवून प्रत्येक कीटकाला लावावी. अल्कोहॉलाने मेणाचे कवच भेदले जाते व कीटक तपकिरी पडून मरतो. पन्हळीत व काट्यांत मऊ कुंचला उपयोगी पडतो. हे काम सावलीत करावे, दिवा वा चूल जवळ नसावी आणि सर्व वनस्पतीवर लावण्यापूर्वी एखाद्या पानावर लावून दोन दिवस वाट पाहावी. शेर व निवडुंग (यूफोर्बिया) यांना हाताळताना मोडलेल्या भागातून येणारा पांढरा चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. हातमोजे घालावेत व काम संपेपर्यंत डोळ्यांना हात लावू नये.

कीटक पुष्कळ असल्यास पाण्याच्या जोरदार धारेने ते झाडून काढावेत आणि वनस्पती लगेच वाऱ्यावर वाळू द्यावी. नंतर सौम्य द्रव साबण लिटरभर पाण्यात सु. ५ मिलि. या प्रमाणात मिसळून फवारावा किंवा लिटरला ५ मिलि. निंबोणीचे तेल थोड्या साबणाने नीट फेटून वापरावे. साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होऊन द्रव मेणात शिरतो. कपडे धुण्याची तीव्र भुकटी वापरू नये. एचेव्हेरियासारख्या ज्या वनस्पतींच्या पानांवर द्राक्षावर असते तशी निळसर पांढरी झिलई असते, त्यांची ती झिलई साबणाने व तेलाने कायमची पुसली जाते व पान उन्हाने करपते; अशा वनस्पतींना बोळ्याचा उपायच बरा. तेलाचा फवारा संध्याकाळी करावा. शेतकऱ्यांच्या परिचयाचा ५ टक्के निंबोळी अर्कही चालतो, मात्र तो ताजा असावा.

एकच फवारणी कितीही काळजीपूर्वक केली, तरी पिशवीतील अंडी वाचतात. म्हणून दर ७ ते १० दिवसांनी तीन-चार वेळा तीच क्रिया करणे हा या उपचाराचा गाभा आहे. दुसऱ्या फेरीत काहीच दिसत नाही म्हणून तिसरी टाळली जाते आणि महिन्याने कीटक पुन्हा दिसतात. औषधाच्या निवडीपेक्षा या ढिलाईने अधिक वनस्पती दगावतात.

मुळांवरील उपद्रवात वनस्पती उपसून सर्व माती झाडावी, मुळे धुवावीत, खराब मुळे स्वच्छ कात्रीने कापावीत आणि ती वनस्पती सावलीत, कोरड्या जागी काही दिवस उघडी ठेवावी. इतर झाडे याने मरतील. मांसल वनस्पतींना हे सहज सोसते आणि मुळांवरील कीटक मात्र वाळून मरतात. या बाबतीत त्यांचा काटकपणा मालकाच्या उपयोगी पडतो. जुनी माती दुसऱ्या कुंडीत टाकू नये. कुंडी उकळत्या पाण्याने धुऊन, उन्हात वाळवून मगच वापरावी. नव्या, निचऱ्याच्या मातीत लावल्यावर आठवडाभर पाणी देऊ नये. उपद्रव खोडाच्या गाभ्यात पोहोचला असेल, तर निरोगी शेंडा कापून, तो स्पिरिटने तपासून, वाळवून नव्याने लावणे व बाकीची वनस्पती जाळून टाकणे श्रेयस्कर. उकिरड्यावर टाकलेला निवडुंग मरत नाही, आणि त्यावरील कीटकही मरत नाही.

तीव्र रासायनिक कीटकनाशकांविषयी येथे स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. जुन्या बागकामाच्या पुस्तकांत डीडीटी, पॅराथिऑन अशी नावे सर्रास आढळतात. डीडीटीचा शेतीतील वापर भारतात १९८९ मध्ये बंद करण्यात आला आणि पॅराथिऑनवरही बंदी आहे. त्या पुस्तकांतील मात्रा आज अनुसरू नयेत. मुळांतून शोषली जाऊन रसात मिसळणारी इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही कीटकनाशके पिठ्या ढेकणावर प्रभावी आहेत, यात शंका नाही. परंतु ती फुलांतील मधात व परागातही उतरतात. मधमाश्यांना होणाऱ्या अपायामुळे यूरोपीय संघाने २०१८ मध्ये इमिडाक्लोप्रिडसह तीन अशा रसायनांच्या उघड्यावरील वापरास बंदी केली. ज्या कोरफडीचा गर भाजल्यावर लावतात वा पोटात घेतात, त्या कोरफडीला आणि घरच्या ड्रॅगन फळाच्या वेलाला ती देऊ नयेत. कीटकनाशक अधिनियम, १९६८ अन्वये वेष्टनावर ज्या पिकासाठी व ज्या मात्रेने वापर सांगितलेला असतो, तेवढाच वापर योग्य होय. लहान मुले वावरतात त्या खिडकीतील दोन कुंड्यांसाठी शेतावरची बाटली घरात आणणे हे कोणत्याही हिशेबाने परवडणारे नाही.

विषाचा आणखी एक तोटा असा की, कीटकाचे शत्रू आधी मरतात. पिठ्या ढेकूण मेणाच्या आड सुरक्षित राहतो व शत्रू गेल्यावर पूर्वीपेक्षा जास्त वाढतो. या शत्रूंमध्ये क्रिप्टोलीमस माँट्रोझिएरी हा ऑस्ट्रेलियातील भुंगेरा प्रसिद्ध आहे. १८९१–९२ मध्ये तो कॅलिफोर्नियात व १८९८ मध्ये भारतात आणला गेला. येथे तो कॉफीवरील हिरव्या खवले किडीसाठी आणला होता. त्या कामी तो अपयशी ठरला, परंतु दक्षिण भारतात स्थिरावून पिठ्या ढेकणांवर उपजीविका करू लागला. द्राक्ष व इतर फळबागांत त्याचा वापर होतो. त्याच्या अळीच्या अंगावरही पांढरे मेणतंतू असतात आणि हा वेश पाहून माळी तिलाच मोठा पिठ्या ढेकूण समजून चिरडतो. ती १ सेंमी.हून लांब, तंतू राठ व चाल जलद; एवढे लक्षात ठेवल्यास ही चूक टळेल. सह्याद्रीच्या परिसरात आढळणाऱ्या स्पॅल्गिस एपियस या लहान करड्या फुलपाखराची अळीही पिठ्या ढेकणांत राहून तेच खाते. तिचा कोश माकडाच्या तोंडासारखा दिसतो. फुलपाखरांच्या अळ्या सामान्यतः शाकाहारी असतात, त्यात हा अपवाद.

परजीवी गांधील माश्या याहून सूक्ष्म असतात. प्लॅनोकॉकस सिट्रायसाठी लेप्टोमॅस्टिक्स डॅक्टिलोपिआय ही जात १९८३ मध्ये वेस्ट इंडीजमधून भारतात आणली गेली. पपईवरील पिठ्या ढेकूण (पॅराकॉकस मार्जिनॅटस) २००८ मध्ये कोईमतूर येथे प्रथम नोंदला गेला व नंतर इतर राज्यांत पसरला. त्याच्यावर फवारण्या निष्प्रभ ठरल्या. २०१० मध्ये पोर्तो रीकोतून ॲसेरोफॅगस पपाई ही परजीवी माशी आणून सोडल्यावर तो आटोक्यात आला. बंद खिडकीतील कुंडीवर अशा माश्या सोडून उपयोग नाही, कारण त्या टिकत नाहीत. मात्र अंगणात त्या आपोआप येतात, त्यांना मारले नाही म्हणजे पुरे. लेकॅनिसिलियम लेकॅनिआय या बुरशीची भुकटी जैव कीटकनाशक म्हणून मिळते. तिला दमट हवा लागते. म्हणून कोकणात पावसाळ्यात पडवीतील कुंड्यांवर ती लागू पडते, तर वैशाखात वाया जाते.

प्रतिबंध : विकत आणलेली वा भेट मिळालेली प्रत्येक मांसल वनस्पती, मग ती कितीही निरोगी दिसो, महिनाभर वेगळी ठेवावी. कीटकाची एक पिढी एवढ्या काळात पुरी होत असल्याने लपलेले अंडेही या अवधीत उघडे पडते. रोपवाटिकेतून आणलेली कुंडी एकदा उपसून मुळे पाहावीत. विक्रेत्यासमोर तसे करण्यात संकोच वाटत असेल, तर घरी येताच करावे. पान किंवा फांदी दुसऱ्यास देताना ती साबणाच्या पाण्यातून काढून, पुसून व वाळवून द्यावी.

जास्वंद, पेरू, सीताफळ व गाजर गवत ही पिठ्या ढेकणांची आवडती ठिकाणे असल्याने त्यांच्या खाली किंवा लगत कुंड्या मांडू नयेत. नत्रयुक्त खत जास्त दिल्यास वनस्पती लुसलुशीत होते आणि रसातील ॲमिनो अम्ले वाढून कीटकांची वाढ जलद होते. मांसल वनस्पतींना खत वर्षातून एक-दोनदा, तेही अल्प पुरते. सुकलेली खालची पाने वेळोवेळी काढावीत, कारण त्यांच्या आडच पहिली वसाहत वसते. मुंग्यांसाठी जुनी युक्ती अजून उत्तम आहे : दुधातुपाच्या जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याने भरलेल्या वाट्यांत ठेवत, त्याप्रमाणे कुंड्यांच्या मांडणीचे पाय वाट्यांत ठेवावेत व भिंतीला मांडणी टेकू देऊ नये. वाट्यांतील पाणी दर चार-पाच दिवसांनी बदलावे, नाहीतर मुंग्यांऐवजी डास होतील.

निडी परिसरासारख्या अतिवृष्टीच्या प्रदेशात वर्षातील दोन वेळा विशेष महत्त्वाच्या आहेत. पहिली मे महिन्याच्या अखेरीस, कुंड्या पडवीत घेण्यापूर्वी : प्रत्येक वनस्पतीची पाने विस्कटून, बगला व मातीची कड पाहून, संशयित कुंडी उपचार होईपर्यंत बाहेरच ठेवावी. पडवीतही कुंड्या एकमेकींना टेकवू नयेत. मध्ये वीतभर अंतर असले, तर रांगत्या पिल्लांना पलीकडे जाणे अवघड होते. दुसरी वेळ ऑक्टोबरात पाऊस सरल्यावर कुंड्या पुन्हा उन्हात नेताना येते. चार महिन्यांच्या सावलीने कोवळी झालेली वनस्पती एकदम कडक उन्हात ठेवल्यास करपते, म्हणून ती आठ-दहा दिवसांत टप्प्याटप्प्याने बाहेर काढावी आणि रोज कुंडी उचलताना तिच्या तळाच्या छिद्राकडेही नजर टाकावी. मुळांवरील पिठ्या ढेकूण बहुधा तेथूनच प्रथम बाहेर डोकावतो.